खोटं नाव, खोटं घर आणि खरी माणसं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही, किंवा ज्यांना मुळात वाचायलाच जास्त आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय. फक्त माझे दर दोन वाक्यांमागचे 'ॲक्चुअली' गाळलेत. ते कुणाला नको असणार, याची खात्री आहे.

आधी एक सूचना. आज ज्या सिनेमांबद्दल बोलणार आहे त्यात मारामारी भरपूर आहे, आणि एक-दोन सिनेमांत रक्तही बरंच आहे. मुलांना शेजारी बसवून लगेच लावू नका. दुसरी सूचना म्हणजे कथानकातल्या काही गोष्टी सांगाव्याच लागणार आहेत. शेवट शक्यतो राखून ठेवतो, पण सगळीकडे जमेलच असं नाही.

तर सुरुवात एका घरापासून करू.

सिनेमा आहे १९९२ सालचा, 'पोलीस स्टोरी ३', जो जगभर 'सुपरकॉप' या नावानं पाहिला गेला. दिग्दर्शक स्टॅनली टाँग, नायक जॅकी चॅन. जॅकी हाँगकाँगचा पोलीस आहे. एका ड्रग माफियाच्या टोळीत शिरायचं म्हणून त्याला चीनमधल्या एका श्रमछावणीत कैदी बनवून पाठवतात. तिथून तो त्या टोळीच्या एका खास माणसाला पळून जायला मदत करतो आणि त्याचा विश्वास मिळवतो. आता हे दोघं निघालेत हाँगकाँगच्या दिशेनं, आणि वाटेत लागतं फोशान. जॅकीनं घेतलेल्या खोट्या नावाचा माणूस फोशानच्या बाजूचा. झालं! तो गुंड म्हणतो, 'अरे, तुझं गाव इथंच ना? मग चल की घरी.'

जॅकीच्या तोंडचं पाणी पळतं. कारण घरच नाहीये! आई नाही, भावंडं नाहीत, दार नाही. आणि तरीही तो चालत राहतो, कारण थांबला तर मेला. पुढे काय होतं, तर पोलिसांनी आधीच तिथं एक अख्खं घर उभं केलेलं असतं. त्याला 'आलास का बाळा' म्हणणारी माणसं आहेत, आणि एक बहीणसुद्धा आहे. ती बहीण म्हणजे मिशेल यो, जी खरं तर चिनी पोलीस अधिकारी आहे. जॅकीला कोण कुणाचं कोण लागतं हे धड ठाऊक नाही, आणि तरी सगळ्यांसमोर त्याला वर्षांनी घरी परतलेल्या मुलाचा आनंद चेहऱ्यावर आणायचाय.

प्रसंग विनोदी आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खो खो हसलो होतो. दुसऱ्यांदा, बऱ्याच वर्षांनी पाहिला, तेव्हाही हसलो, पण मध्येच एक विचार मनात आला आणि तो आजवर गेलेला नाही. एखाद्याला फसवण्यासाठी सगळ्यात खात्रीचं साधन कुठलं, तर घर. पिस्तूल दाखवून जो विश्वास मिळत नाही, तो आईच्या हातचं जेवण दाखवून मिळतो.

आजचा विषय हाच. मार्शल आर्ट्सचे सिनेमे, त्यातला अंडरकव्हर पोलीस, आणि घर. माझं म्हणणं असं आहे की या सिनेमांत 'हा पकडला जाईल का?' हा प्रश्न वरवरचा असतो. आतला प्रश्न वेगळाच असतो. खोट्या नावानं जोडलेलं नातं खरं असू शकतं का? आणि ते खरं निघालं, तर त्याची किंमत कोण मोजतं?

आता हे सिनेमे हाँगकाँगमध्येच इतके का रुजले, ते थोडं बघू.

हाँगकाँगच्या गुन्हेगारी टोळ्या, ज्यांना ट्रायड म्हणतात, त्या मुळात स्वतःला कुटुंब समजतात. टोळीत येताना शपथ घ्यावी लागते, आणि ती भाऊबंदकीची शपथ असते. आपल्याकडे 'भाऊबंदकी' म्हटलं की कोर्टकचेरी आठवते, तो अर्थ इथं नको. इथं अर्थ असा की आजपासून आपण सख्खे. म्होरक्याला कँटनीज भाषेत 'दाई लो' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. म्हणजे टोळीत शिरलेला पोलीस हा नुसता एखाद्या कंपनीत खोट्या कागदपत्रांवर नोकरीला लागलेला माणूस नसतो. तो कुणाचा तरी धाकटा भाऊ झालेला असतो.

आणि गंमत बघा. या टोळ्या ज्या देवाची पूजा करतात तो म्हणजे ग्वान यू, प्राचीन चीनमधला एक सेनापती, जो निष्ठेचं आणि मित्रांसाठी दिलेल्या शब्दाचं प्रतीक मानला जातो. त्याच ग्वान यूचं देवघर हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांमध्येही असतं. चोर आणि शिपाई एकाच देवापुढे उदबत्ती लावतात, आणि दोघंही त्याच्याकडे एकच मागणं मागतात, की माझी माणसं माझ्याशी इमान राखोत. आता अंडरकव्हर माणसानं त्या देवापुढे उभं राहून काय मागायचं?

तिसरी गोष्ट आहे भाषेतली. कुंग फू शिकवणाऱ्याला 'सिफू' म्हणतात हे आपल्याला सिनेमांमुळे माहीत आहे. तो शब्द चिनी लिपीत लिहिताना दोन अक्षरं येतात. पहिल्याचा अर्थ गुरू, दुसऱ्याचा अर्थ बाप. बरोबर शिकणारे सगळे एकमेकांचे थोरले-धाकटे भाऊ, थोरल्या-धाकट्या बहिणी. आपल्या तालमीतला वस्ताद आणि त्याचे पठ्ठे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे: या सिनेमांत लढण्याची कलासुद्धा एका घराण्याकडून आलेली असते.

त्यात भर हाँगकाँगच्या इतिहासाची. साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या पोलीस खात्यात लाचखोरी इतकी माजली होती की १९७४ साली तिच्याविरुद्ध वेगळा स्वतंत्र आयोग नेमावा लागला. म्हणजे पोलीस कोण आणि चोर कोण, हा प्रश्न लोकांनी सिनेमात पाहण्याआधी रस्त्यावर पाहिलेला होता. मग १९८४ साली ब्रिटन आणि चीनमध्ये करार झाला, की १९९७ मध्ये हाँगकाँग चीनला परत जाणार. अख्ख्या शहराला तेरा वर्षं आधी सांगितलं गेलं की अमुक तारखेपासून तुमचं घर दुसऱ्याचं. दोन ओळखी घेऊन जगणाऱ्या पोलिसाची गोष्ट अशा शहराला आपली वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही.

अंडरकव्हरचा सगळ्यात गाजलेला हाँगकाँगी सिनेमा अर्थातच २००२ सालचा 'इन्फर्नल अफेअर्स'. त्यावरूनच पुढे हॉलिवूडचा 'द डिपार्टेड' आला. पण तो फोनचा आणि पिस्तुलाचा सिनेमा आहे. आज आपण हातापायाच्या सिनेमांबद्दल बोलतोय. फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. गोळी लांबून मारता येते. ठोसा मारायला जवळ जावं लागतं. ज्याच्याबरोबर काल जेवलात त्याचा श्वास तुमच्या तोंडावर येईल इतकं जवळ.

आता दोन सिनेमे घेतो, नावानं जोडलेले. 'एसपीएल' आणि 'एसपीएल २'.

पहिला २००५ सालचा, दिग्दर्शक विल्सन यिप. एसपीएल म्हणजे 'शा पो लांग', चिनी ज्योतिषातले तीन तारे. प्रत्येक तारा चांगलंही करू शकतो आणि विध्वंसही. सायमन याम हा पोलीस अधिकारी, सॅमो हंग हा गुन्हेगार, आणि डॉनी येन हा नव्यानं बदलून आलेला अधिकारी. सायमन यामच्या पात्राला मेंदूत गाठ आहे. ज्या साक्षीदाराला तो वाचवू शकला नाही, त्याच्या मुलीला त्यानं आपली म्हणून वाढवलंय. त्याला सॅमो हंगला तुरुंगात टाकायचंच आहे, कायद्यानं नाहीतर कायदा वाकवून. यात एका अंडरकव्हर पोलिसाचा खून होतो, आणि त्याचा वापर करून हे पोलीस पुराव्यातच फेरफार करायला निघतात.

दुसऱ्या बाजूला सॅमो हंगचा तो क्रूर गुंड. त्याच्या घरी बऱ्याच काळानंतर पाळणा हललाय. बाळाशी फोनवर बोलताना हा माणूस विरघळतो. आणि दिवस कुठला निवडलाय, तर फादर्स डे! सगळे बाप, झालेले, होऊ घातलेले, मानलेले, त्याच एका दिवसात एकमेकांवर आदळतात. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तो शेवट पाहून मी टीव्ही बंद करून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो. तिथं कुणी जिंकत नाही.

याच सिनेमात एका गल्लीतली मारामारी आहे. डॉनी येनच्या हातात पोलिसी दंडुका, समोर सुरा घेतलेला मारेकरी. तो मारेकरी म्हणजे वू जिंग. हे नाव लक्षात ठेवा, कारण दहा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात हाच वू जिंग पोलीस झालाय, आणि तोही अंडरकव्हर.

'एसपीएल २', साल २०१५, दिग्दर्शक सोई चेंग. पहिल्याशी कथेचा संबंध नाही, पण प्रश्न तोच आहे, आणि माझ्या मते या जातीच्या सिनेमांत तो इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

गोष्ट अशी. वू जिंग मानवी अवयवांची तस्करी करणाऱ्या टोळीत शिरलाय. शिरण्यासाठी त्यानं स्वतःला हेरॉइनचं व्यसन लावून घेतलंय. त्याचा वरिष्ठ अधिकारी, सायमन याम, हा त्याचा काकासुद्धा आहे. म्हणजे पुतण्याला आगीत पाठवणारा काकाच. त्याचं बिंग फुटतं आणि त्याला थायलंडमधल्या एका तुरुंगात फेकलं जातं. त्या तुरुंगाचा प्रमुख टोळीला सामील आहे.

त्याच तुरुंगात टोनी जा पहारेकरी आहे. त्याच्या लहान मुलीला ब्लड कॅन्सर झालाय. तिला बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा हवी आहे. एक जुळणारा दाता सापडलाय, पण तो फोन उचलत नाहीये. तुम्ही ओळखलंच असेल. तो दाता म्हणजे याच तुरुंगात, खोट्या नावानं, याच बापाच्या पहाऱ्यात पडलेला वू जिंग. एकाला थाई येते, एकाला कँटनीज. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नाही.

योगायोग आहे का? शंभर टक्के आहे. आपल्या जुन्या हिंदी सिनेमात रक्त देताना तीन भाऊ एका रांगेत झोपतात, त्याच तोलाचा योगायोग. पण दुसरी बाजू बघा. टोळीचा मुख्य सूत्रधार, लुई कू, हृदयरोगानं मरायला टेकलाय. त्याच्याशी जुळणारं हृदय एकाच माणसाकडे आहे, त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे. आणि त्याला ते हवंय. भाऊ जिवंत असताना.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एका बाजूला सख्खा भाऊ, जो भावाचं काळीज काढून घ्यायला निघालाय. दुसऱ्या बाजूला एक परका माणूस, ज्याच्या हाडातला मगज एका परक्या मुलीला जगवू शकतो, आणि ज्यानं तो द्यायचं आधीच कबूल केलंय, तिचं नावही माहीत नसताना. रक्ताचं नातं घेतंय, आणि बिनरक्ताचं देतंय. दिग्दर्शकानं यावर एकही भाषण ठेवलेलं नाही. तुरुंगातल्या दंगलीचा एक लांबलचक, न तोडलेला शॉट आहे, आणि अखेरीस हे दोघं, ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही, एकाच शत्रूसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एकाचा वू शू, दुसऱ्याचं मुए थाई. एक पडला की दुसरा पुढे. तिथं दुभाषी लागत नाही.

आता हाँगकाँगहून खाली येऊ, इंडोनेशियात. कारण तिथल्या एका सिनेमानं हाच प्रश्न घेतला आणि त्याचं उत्तर जास्त कडू दिलं.

'द रेड २', २०१४. दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स मूळचा वेल्सचा, पण सिनेमा इंडोनेशियन भाषेत आणि जकार्तात घडणारा. नायक इको उवाइस. त्याच्या पात्राचं नाव रामा. इंडोनेशियात हे नाव परकं नाही, रामायण तिथं घरोघरी ठाऊक आहे. हा रामाही वनवासालाच जातो म्हणा. भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्यांची साखळी उघडी पडल्याशिवाय तुझी बायको आणि मूल सुरक्षित नाहीत, असं त्याला सांगितलं जातं. म्हणून तो खोट्या नावानं तुरुंगात जातो. तिथं जकार्तातल्या मोठ्या डॉनचा मुलगा आहे, उचो. त्याच्याशी दोस्ती करायची हे काम. काही महिन्यांची गोष्ट आहे असं सांगितलेलं असतं. लागतात दोन वर्षं.

इथं मला एक आठवण सांगायचीय. मी लहानपणी काही वर्षं पोलीस लाइनीत वाढलो. आमच्या चाळीत एक काका होते, ते क्वचितच युनिफॉर्ममध्ये दिसायचे. मध्येच दाढी वाढलेली असायची, मध्येच महिना-महिना घरी नसायचे. काकू सगळ्यांना सांगायच्या, 'गावी गेलेत, शेतीचं काम निघालंय.' शेती नव्हती हे अख्ख्या चाळीला माहीत होतं, आणि अख्खी चाळ मान डोलवायची. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. एकदा शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? ती उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. तिला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. कुठलं उत्तर द्यायचं हे माहीत नव्हतं.

'द रेड २' पाहताना मला रामापेक्षा जास्त वेळा ती आठवली. कारण हे सिनेमे आपल्याला नेहमी खोटं नाव घेतलेल्या माणसाबरोबर आत नेतात. घरी जे उरतात, तेही त्याच्याबरोबर खोटं बोलायला लागलेले असतात. त्यांना ना ट्रेनिंग मिळतं, ना पदक. रामा घरच्यांसाठी घर सोडतो, आणि जितका काळ तो त्यांना वाचवत असतो तितका काळ तो त्यांच्यापाशी नसतो. मूल वाढत असतं, आणि बाप दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाच्या टेबलावर जेवत असतो.

त्या डॉनच्या घरात काय चाललंय? डॉन रामावर विश्वास टाकतो, कारण त्यानं तुरुंगात आपल्या मुलाचा जीव वाचवलाय. आणि सख्खा मुलगा उचो? त्याला बापाची खुर्ची हवी आहे, आणि तिच्यासाठी तो कुठल्या थराला जातो ते तुम्हीच बघा. म्हणजे पुन्हा तेच कोडं. खोट्या नावाचा माणूस निष्ठेनं वागतो, आणि खऱ्या नावाचा दगा देतो. त्या घरात डॉनचा एक उजवा हात आहे, एका. पुढे कळतं की तोही कधीकाळी असाच आत पाठवलेला पोलीस होता, आणि आतच राहून गेला. रामाला आरशात बघावं तसं आपलं भविष्य दिसतं.

यातलीच आणखी एक गोष्ट. यायान रुहियान या नटानं केलेला प्रकोसो नावाचा मारेकरी. दिसायला जवळजवळ भिकारी. पैसे कमावतो ते मुलासाठी, आणि मुलाची आई त्याला मुलाला भेटू देत नाही. दोघं एका टेबलावर समोरासमोर बसतात तो प्रसंग दोन-तीन मिनिटांचा असेल. पण त्यानंतर तो माणूस मारामारीत उतरतो तेव्हा आपण त्याचे डाव बघत नाही, आपण म्हणतो, अरे, याच्या मुलाला हे कधीच कळणार नाही.

आता मगाशी जे ध्यानात ठेवायला सांगितलं होतं त्याकडे येऊ. कलेचं घराणं.

अंडरकव्हर माणूस काय काय बदलू शकतो? नाव बदलतो, गाव बदलतो, बोली बदलतो, दाढी वाढवतो. पण अंगात मुरलेली लढण्याची रीत बदलता येत नाही. तोल गेल्यावर पाय कुठं पडतो, वार आल्यावर कोपर कसं वर येतं, हे विचार करून होत नाही. ते लहानपणी कुणीतरी रोज पहाटे करून घेतलेलं असतं. जीभ खोटं बोलते तेव्हाही शरीर आपल्या वस्तादाचं नाव सांगत असतं. म्हणून या सिनेमांत मारामारी सुरू झाली की मला उलट हायसं वाटतं. बराच वेळ खोटं बोलणारा माणूस आता खरं बोलायला लागला, असं वाटतं.

आणि ही नुसती माझी कल्पना नाही. पडद्यावरच्या या माणसांची घराणी खरीच आहेत. इको उवाइसचे आजोबा सिलातचे गुरू होते. स्वतःची तालीम त्यांनी काढली होती, आणि इको लहानपणी तिथं आपल्या काकांकडून शिकला. गॅरेथ एव्हान्स सिलातवर माहितीपट करायला गेला तेव्हा त्याला हा मुलगा सापडला. त्या वेळी इको एका फोन कंपनीत ड्रायव्हर होता. डॉनी येनला शिकवलं त्याच्या आईनं. बो सिम मार्क या अमेरिकेत बॉस्टनमध्ये वू शू आणि ताई ची शिकवणाऱ्या नामवंत शिक्षिका. टोनी जा थायलंडमधल्या सुरिन प्रांतातला, हत्ती पाळणाऱ्या घरातला. त्याचे गुरू पन्ना रित्तिक्राई. ते २०१४ साली गेले, 'एसपीएल २' यायच्या आदल्या वर्षी. वू जिंग लहानपणापासून बीजिंगच्या वू शू संघात वाढलेला. प्रत्येकाच्या लाथेत कुणाची तरी आई, कुणाचा तरी काका, कुणाचा तरी गुरू आहे. पेन्चाक सिलातच्या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण त्याआधी कितीतरी पिढ्या ती घराच्या अंगणातच सांभाळली गेली होती.

आता शेवटी परत त्या फोशानच्या घरात जाऊ. एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती.

'सुपरकॉप'मध्ये जॅकी ज्या गुंडाला फसवतो, त्याचं काम केलंय युएन वा या नटानं. हे दोघं प्रत्यक्षात एकाच गुरूचे चेले. हाँगकाँगमधली चिनी ऑपेराची शाळा, गुरू यू जिम युएन. सॅमो हंगही तिथलाच, सगळ्यांचा थोरला. जॅकीचे आईवडील ऑस्ट्रेलियात कामाला गेले, वडील कॅनबेराच्या अमेरिकी दूतावासात स्वयंपाकी होते, आणि हा मुलगा दहा वर्षांच्या करारावर त्या शाळेत राहिला. पहाटेपासून रात्रीपर्यंत मेहनत, चुकलं की मार. घर म्हणजे तीच पोरं. म्हणजे पडद्यावर जॅकी ज्याला 'चल माझ्या घरी' म्हणून फसवतोय, तो त्याच्या खऱ्या बालपणीच्या घरातला भाऊ आहे.

आणि याहून मोठी गोष्ट जॅकीला स्वतःलाच ठाऊक नव्हती. चाळिशी उलटल्यावर त्याला वडिलांकडून कळलं की आपलं आडनाव चॅन नाहीच. खरं आडनाव फांग. वडील एकेकाळी चीनमधल्या राष्ट्रवादी सरकारसाठी हेरगिरी करत होते. कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर ते हाँगकाँगला निसटले आणि नाव बदलून जगले. आईची आणि त्यांची पहिली गाठ पडली तीही अफूच्या तस्करीत त्यांनी तिला पकडलं तेव्हा. चीनमध्ये वडिलांचे आधीच्या लग्नाचे दोन मुलगे होते, आईच्या दोन मुली होत्या. हे सगळं मेबल चेउंग या दिग्दर्शिकेनं २००३ साली 'ट्रेसेस ऑफ अ ड्रॅगन' या माहितीपटात मांडलंय. त्याचं उपशीर्षकच आहे, 'जॅकी चॅन अँड हिज लॉस्ट फॅमिली'.

विचार करा. १९९२ साली हा माणूस कॅमेऱ्यासमोर उभा आहे, खोट्या नावानं, खोट्या घरात, खोट्या बहिणीला मिठी मारत, आणि आपण हसतोय. आणि त्या वेळी त्याला पत्ताच नाही की आपण जन्मापासून एका अंडरकव्हर माणसाच्या घरात वाढलोय. आपलं आडनाव हेच वेशांतर आहे.

मग त्याचं सगळं बालपण खोटं ठरतं का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्या स्वयंपाक्यानं कॅनबेराहून पोराचा विचार केला असेल तो कुठल्या आडनावानं केला, याला काही अर्थ नाही. पण किंमत मोजली गेलीच. ती चीनमध्ये मागे राहिलेल्या त्या चार मुलांनी मोजली, ज्यांना आपला बाप किंवा आपली आई कुठं आहे हे कित्येक वर्षं कळलं नाही. जॅकीच्या मुलाचं चिनी नाव आज 'फांग'नंच सुरू होतं. दोन पिढ्यांनी आडनाव घरी परत आलं.

म्हणून हे सिनेमे मला नुसत्या हाणामारीचे वाटत नाहीत. खोटं नाव घेऊन लावलेला जीव खरा असू शकतो, हे ते सांगतात. आणि त्याच दमात हेही सांगतात की त्याचं बिल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी जातं.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीनं त्या दिवशी शेवटी बाईंना काय उत्तर दिलं, ते सांगायचं राहिलंच. ती म्हणाली, 'बाबा गावी असतात.' आणि खाली बसली. बाईंनी मान डोलवली. बाईंचे यजमानही त्याच लाइनीतले होते, त्यांना सगळं माहीत होतं.

तर मंडळी, बघायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'सुपरकॉप', हसत हसत. मग 'एसपीएल २'. मग मन घट्ट असेल तर 'एसपीएल' आणि 'द रेड २'. आणि सगळं झाल्यावर, मिळाला तर, तो माहितीपट. तो पाहून परत 'सुपरकॉप'मधला फोशानचा प्रसंग लावा. तुम्ही हसता की नाही, ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि घरी फोन करा.